वाचकांचे प्रश्न : मंडळीत ओळखी भरपूर, जिवाभावाचं माणूस कुठं?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) आलेल्या पत्रांपैकी मैत्रीविषयीची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही नगरहून घोडबंदर रोडला राहायला आलो. रविवारची उपासना कधी चुकवत नाही. दारात सगळे हसून ‘जय ख्रिस्त’ म्हणतात, नाताळला फराळ येतो. पण गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा फोन कोणाला करावा हे सुचेना. एवढ्या मोठ्या मंडळीत आम्हाला एकही हक्काचं घर नाही. आमचं कुठं चुकतंय?
एक भगिनी, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ताई, चुकत काही नाही, वेळ कमी पडतोय. उपासनेत दीड तास आपण शेजारी बसतो, पण सगळ्यांची तोंडं वेदीकडे असतात. खरं बोलणं होतं ते नंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत. त्यातही एका हातात चहाचा कागदी कप, दुसऱ्या हातात पळणाऱ्या मुलाचं मनगट आणि नजर रिक्षाकडे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, पक्की मैत्री व्हायला ९० आणि जिवलग मैत्रीला २०० च्या वर. आता आपला हिशेब मांडा. दर रविवारी १५ मिनिटं म्हणजे वर्षाला १३ तास. या वेगानं साध्या मैत्रीलाच जवळपास चार वर्षं लागतील. तेच महिन्यातून दोन शनिवार दीड-दीड तास भेटलात आणि महिन्यातून एकदा दोन्ही घरं मिळून तीन तास जेवायला बसलात, तर वर्षाला ७० च्या वर तास होतात. नुसतं एकत्र काम केल्याचे तास यात फारसे धरता येत नाहीत, हेही त्याच अभ्यासात आढळलं. गायनमंडळाचा सराव किंवा संडे स्कूलची तयारी यातून ओळख वाढते, पण मैत्रीच्या खात्यात जमा होतो तो सरावानंतर जिन्यात उभं राहून बोललेला अर्धा तास.

सगळ्या मंडळीशी मैत्री करायला जाऊ नका. येशूच्या मागं लोकसमुदाय होता, पण बरोबर बारा होते आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत जवळ घेतले ते तिघेच. तुम्हीही मनात तीन नावं धरा आणि कोणाला सांगू नका. निवडताना आधी अंतर बघा. कासारवडवलीहून संध्याकाळी तलावपाळीला पोचायला तासभर सहज जातो आणि असं अंतर चार भेटींतच मैत्री थकवतं. चालत किंवा एका रिक्षात पोचता येईल असं घर निवडा. दुसरी गोष्ट, ती बाई समोर नसलेल्या माणसाबद्दल कशी बोलते ते ऐका, कारण उद्या तुमच्याबद्दलही ती तशीच बोलणार. तिसरी, तुम्ही मागं सांगितलेलं तिच्या लक्षात राहतं का ते पाहा. सगळ्यांच्या पुढंपुढं असणाऱ्या बाईंपेक्षा उपासना संपल्यावर खुर्च्या लावत थांबणारी बाई बरेचदा अधिक मोकळी सापडते. पाळकांच्या पत्नीचाही विचार करून पाहा. त्यांना सगळे ओळखतात, पण निवांत चहाला बोलावणारं घर त्यांना क्वचितच मिळतं.

आता सर्वांत अवघड भाग : मागणं. ‘कशाला कोणाला त्रास द्यायचा’ म्हणून आपण गप्प बसतो, आणि समोरचाही तेवढ्याचसाठी गप्प असतो. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी येशूचं बोलणं सुरू झालं ते ‘मला प्यायला पाणी दे’ या मागण्यानं (योहान ४:७). या ठाण्यातच १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा साथी जॉर्डेनस यानं त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि पुढं एकटा पडल्यावर आपल्या संघाच्या लोकांना पत्रं लिहून आणखी साथी मागितले. मागण्यात कमीपणा नाही. फक्त मागणी लहान, नेमकी आणि नाकारायला सोपी असावी. ‘बुधवारी चार वाजता मला सासूबाईंना तपासायला न्यायचंय, बाळाला स्कूलबसमधून उतरवून तासभर सांभाळाल का? जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा.’ एकदा नकार आला तर त्याचा काही अर्थ काढू नका. तीनदा आला आणि त्यांच्याकडून दुसरा दिवस सुचवला गेला नाही, तर प्रेम ठेवून दुसऱ्या नावाकडे वळा.

पहिल्या भेटीला तासभर आणि चहा-बिस्किटं पुरे. मटण-वड्यांचा बेत केलात तर समोरच्या घरावर तेवढंच करण्याचं ओझं पडतं आणि परतीचं आमंत्रण लांबत जातं. दुसरी भेट बाजारहाट किंवा फेरफटका अशी हलकी असू द्या. तिसऱ्या भेटीत स्वतःबद्दलची एक खरी पण लहान गोष्ट सांगा, जसं की ‘या शहरात मला अजून करमत नाही.’ ती गोष्ट कशी ऐकली जाते त्यावर पुढचं ठरवा. दुसऱ्याच भेटीत सासर-माहेरचं सगळं ओतलं तर ऐकणारी दबून जाते आणि तुम्हालाही घरी गेल्यावर उघडं पडल्यासारखं वाटतं. बऱ्याच मैत्र्या इथंच मोडतात. चौथ्या भेटीनंतर ‘परत भेटू’ एवढ्यावर सोडू नका. ‘दुसरा आणि चौथा शनिवार, पाच ते साडेसहा’ असं कॅलेंडरवर लिहा.

आणि रात्री दोनच्या फोनसाठी मैत्री पिकायची वाट पाहू नका. येत्या रविवारीच दोन घरांना सरळ विचारा, ‘रात्री-अपरात्री अडचण आली तर तुम्हाला फोन केला तर चालेल का?’ हो म्हणणारे तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघतील. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आहेच, पण दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसायला माणूस लागतं.

प्रश्न : आमची घरसभा वीस-पंचवीस जणांची आहे. तिथं मोकळं बोलता येत नाही म्हणून आम्ही चौघा पुरुषांनी वेगळं भेटायचं ठरवलं होतं, ते तीन महिन्यांत बंद पडलं. पुन्हा सुरू करायचंय. दीड तासात नेमकं काय करायचं?
नेरूळ

उत्तर : चौघं ही उत्तम संख्या आहे. एक आला नाही तरी तिघं उरतात, आणि प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळतो. याला जुना आधार आहे. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथं मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ते फेडायला बारा-बारा जणांचे गट करून दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायचं ठरलं. गोळा करणारे घरोघर गेले तेव्हा कोणाच्या घरात खरं काय चाललंय ते कळू लागलं, आणि पैशासाठी केलेले गट एकमेकांना सांभाळण्याचे गट झाले. त्याहून लहान, पुरुषांचे वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे असेही गट होते. याकोब ५:१६ प्रमाणे एकमेकांजवळ पापांची कबुली द्यायची ती या लहान गटांत.

तुमच्या दीड तासाची वाटणी अशी ठेवा. पहिली दहा मिनिटं पाणी, चहा, आणि चारही फोन दुसऱ्या खोलीत. पुढची पंधरा मिनिटं वचन : एखादं स्तोत्र किंवा दहा-बारा ओव्या. दोन वेगवेगळ्या आवाजांत दोनदा वाचा. कोणीही समजावून सांगायचं नाही, प्रत्येकानं मनाला लागलेलं एक वाक्य बोलायचं. मग चौघांना प्रत्येकी बारा मिनिटं. त्यात आठ मिनिटं त्यानं बोलायचं, चार मिनिटं इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यावासा वाटला तर आधी ‘सल्ला हवाय का?’ हे विचारायचं. घड्याळ समोर ठेवा, नाहीतर बोलका माणूस पंचवीस मिनिटं घेतो आणि ज्याला खरंच सांगायचं होतं तो ‘माझं ठीक आहे’ म्हणून सुटतो. शेवटची पंधरा मिनिटं प्रार्थना. प्रत्येकानं उजवीकडच्यासाठी, मोठ्यानं, त्यानं आत्ता जे सांगितलं त्याच्यावरच. उठण्याआधी पुढची तारीख ठरवा आणि वेळेवर उठा. उशीर होत गेला की घरच्यांचा विरोध सुरू होतो, आणि तो रास्त असतो.

बोलायला चार प्रश्न पुरतात. देवाशी बोलणं सध्या कसं चाललंय? घरात कोणाशी ताठरलंय? पैशाबाबत किंवा एकट्यानं फोनवर पाहिलेल्या गोष्टींबाबत काही लपवतोयस का? आभार कशाबद्दल मानायचेत? तिसऱ्या प्रश्नाला पहिले तीन-चार वेळा कोणी खरं उत्तर देत नाही. घाई करू नका. एकानं खरं सांगितलं की बाकीच्यांचीही जीभ सुटते, म्हणून ज्यानं गट जमवला त्यानंच आधी बोलावं. तुमच्यापैकी कोणी कॅथलिक असेल तर हेही स्पष्ट असू द्या, की मित्राजवळ मन मोकळं करणं म्हणजे फादरांकडचा कन्फेशनचा संस्कार नव्हे. मित्र ऐकतो, प्रार्थना करतो, पुढच्या वेळी आठवणीनं विचारतो. पापक्षमेची घोषणा करणं त्याचं काम नाही.

असे गट बंद पडतात ते बहुतेक चार कारणांनी. एकजण हळूहळू उपदेशक होतो. ‘आज फक्त दोघंच आहोत’ म्हणून भेट रद्द होते आणि रद्द करायची सवय लागते. व्हॉट्सॲप ग्रुप निघतो आणि सकाळच्या वचनाच्या चित्रांनाच आपण भेट समजू लागतो. किंवा कोणीतरी चांगल्या मनानं पाचवा, सहावा माणूस घेऊन येतो आणि सगळे पुन्हा जपून बोलू लागतात. म्हणून सुरुवातीलाच बारा भेटींचा करार करा. पंधरवड्याला एक म्हणजे सहा महिने. तोवर नवा माणूस घ्यायचा नाही. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, मेसेज चालणार नाही. दोघं असले तरी भेट होणारच. बाराव्या भेटीत पुढं चालू ठेवायचं का हे प्रत्येकानं उघड सांगायचं. ज्याला थांबायचंय त्याला अपराधी न वाटता थांबता आलं पाहिजे.

वेळ शनिवारची सकाळ, साडेसहा ते आठ. कामावरून लोकलनं नऊला घरी पोचणाऱ्या माणसाकडून रात्री मनातलं बोलणं होत नाही. एमआयडीसीत शिफ्ट असलेला कोणी असेल तर त्याच्या सुट्टीच्या वारावर तारीख बांधा. वन-रूम-किचनमध्ये मुलांचा अभ्यास चालू असेल तर ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती दोघं-दोघं चाला आणि अर्ध्या फेरीनंतर जोड्या बदला. पुष्कळ पुरुषांना समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते चालताना बोलवतं.

प्रश्न : मुलाच्या दारूच्या व्यसनाबद्दल मंडळीतल्या एका बहिणीला विश्वासानं सांगितलं. तिनं महिला मंडळाच्या ग्रुपवर ‘ऐरोलीतल्या एका आईच्या मुलासाठी प्रार्थना करा’ म्हणून सगळं लिहिलं. नाव नव्हतं, पण ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. आता रविवारी तोंड दाखवावंसं वाटत नाही.

उत्तर : तुमच्यावर अन्याय झाला आहे. प्रार्थनेच्या नावानं झाला म्हणून तो लहान होत नाही. चहाड्या करणारा गुपित उघड करतो आणि विश्वासू माणूस ते झाकून ठेवतो, असं नीतिसूत्रे ११:१३ मध्ये आहे. तिथं चांगल्या हेतूसाठी सूट दिलेली नाही.

पहिलं काम आजच करा. ग्रुपच्या ॲडमिनला फोन करून तो मेसेज काढायला सांगा. ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. दुसरं, आठवड्याच्या आत त्या बहिणीला एकटीला भेटा. मत्तय १८:१५ चा क्रम हाच आहे : आधी दोघांतच. फोनवर नको, महिला मंडळाच्या इतर बायकांना आधी सांगून तर मुळीच नको. बोलायचं थोडंच : ‘मी तुला सांगितलं ते तुझ्यापुरतं होतं. तू ते ग्रुपवर टाकलंस, त्यामुळं माझ्या मुलाची आणि माझी अब्रू गेली. पुढं माझ्याबद्दल मला विचारल्याशिवाय काही लिहू नकोस.’ मग थांबा आणि तिला बोलू द्या. तिनं मान्य केलं तर क्षमा करा. मात्र क्षमा केली म्हणून पुढचं गुपितही तिलाच सांगायला तुम्ही बांधलेल्या नाही. क्षमा एका दिवसात देता येते, विश्वास पुन्हा बसायला महिने लागतात. तिनं उडवून लावलं तर एका समंजस वडीलधाऱ्या बाईंना बरोबर घेऊन पुन्हा जा, आणि त्यानंतरच पाळकांकडे.

महिला मंडळानं एक नियम करून टाकावा : ज्याचा विषय त्यानंच लिहायचा. दुसऱ्याचा विषय त्याच्या होकाराशिवाय ग्रुपवर, घरसभेत किंवा साक्षीत यायचा नाही.

मुलासाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा आणि तुमच्यासाठी घरच्या माणसांच्या अल-अनॉनच्या सभा असतात. दोन्हीकडे फी नाही आणि नाव गुप्त ठेवणं हा तिथला पायाच आहे. तिथं भेटलेली दुसरी एखादी आई पुढं तुमची जवळची मैत्रीण होऊ शकते.

एक गोष्ट सर्वच मित्रमैत्रिणींसाठी. गुप्ततेलाही हद्द आहे. समोरचा जीव देण्याबद्दल बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका जबाबदार माणसाला सांगा आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावून द्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. अशा वेळी ‘मी वचन दिलं होतं’ म्हणून गप्प बसणं चुकीचं आहे.

प्रश्न : मंडळीतला जवळचा मित्र ५० हजार रुपये मागतोय, शिवाय पतपेढीच्या कर्जाला जामीन राहा म्हणतोय. नाही म्हटलं तर मैत्री जाईल का?
कोपरखैरणे

उत्तर : जामीन राहू नका. कर्जदार थकला की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि वसुली थेट तुमच्याकडून होऊ शकते. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या पाच ओव्या याच धोक्यावर खर्ची घातल्या आहेत. ५० हजारांबाबत स्वतःला विचारा, यातली किती रक्कम परत आली नाही तरी माझ्या घरात कुरबुर होणार नाही? दहा हजार असेल तर पत्नीशी बोलून दहाच द्या आणि भेट म्हणून द्या. ‘एवढं मला जमतंय, हे परत नको’ असं तोंडानं सांगा. उसने देणारच असाल तर रक्कम, तारीख आणि हप्ते कागदावर लिहा. न लिहिलेल्या उसन्या पैशात देणारा रोज वाट पाहतो, घेणारा तोंड चुकवतो, आणि मैत्री तिथंच तुटते. पैशाखेरीज तो अडचणीत का आला हे विचारायलाही त्याच्याबरोबर एक संध्याकाळ बसा.

प्रश्न : खारघरमध्ये माझ्या मैत्रिणीचे पती अचानक वारले. वय ४१. दोन मुलं आहेत. दफनविधीला गेले, पण नंतर काय बोलावं कळत नाही म्हणून जायचं टाळतेय. मनाला खूप लागून राहिलंय.

उत्तर : आजच जा. बोलायचं ठरवून जाऊ नका. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द काढला नाही (ईयोब २:१३). तोवर त्यांचं बरोबर होतं. बिघडलं ते त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केल्यावर. ‘देवाला त्यांची जास्त गरज होती’, ‘सर्व काही भल्यासाठीच होतं’, ‘मुलांसाठी तुला खंबीर राहायला हवं’ ही वाक्यं बोलणाऱ्याला हलकं करतात आणि ऐकणारीला एकटं पाडतात. मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना आपण त्याला जिवंत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो आधी रडला. ‘मी आलेय, काही बोलायला नको’ एवढं पुरे. आणि तिच्या पतीचं नाव घ्यायला कचरू नका. त्यांची एखादी आठवण असेल तर सांगा. सगळे ते नाव टाळू लागले की तिला ते दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं.

डब्यांबद्दल थोडं. पहिल्या आठवड्यात एकाच संध्याकाळी सात-आठ घरांतून जेवण येतं आणि पंधराव्या दिवशी कोणाकडूनच नाही. ओट्यावर स्टीलच्या डब्यांची रांग लागते, बुडावर कोणाचं नाव कोरलेलं, कोणाचं नेलपॉलिशनं लिहिलेलं, काहींवर काहीच नाही. ते घासून कोणाचं कोणतं हे शोधत बसायचं काम त्या बाईवरच पडतं. म्हणून एकीनं वही हातात घ्यावी : दिवसाआड एक घर, सहा आठवडे, जेवण परत न द्यायच्या डब्यात, आणि मुलं काय खातात ते आधी विचारून.

दुसऱ्या आठवड्यापासून कागदपत्रं सुरू होतात आणि तिथं मैत्रीण फार कामाला येते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. खारघर पनवेल महानगरपालिकेत येतं. दाखल्याच्या दहा-बारा प्रती घेऊन ठेवा, कारण बँक, विमा आणि सोसायटी प्रत्येकजण मागतो. ते नोकरीत होते आणि पी.एफ. कापला जात होता, तर तीन अर्ज असतात : जमा रकमेसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, आणि विम्याच्या रकमेसाठी ५-आय.एफ. हा शेवटचा अर्ज पुष्कळांना माहीतच नसतो. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, ती सांगणार नाही. ‘गुरुवारी अकरा वाजता मी येते, आपण बँकेत जाऊ, फाइल मी लावते’ असं म्हणा.

ती पहिल्यांदा उपासनेला परत येईल त्या रविवारी तिच्या शेजारी बसा, शक्यतो मागच्या रांगेत, दाराच्या बाजूला. त्यांच्या आवडीचं गीत लागलं तर तिला उठून बाहेर जाता आलं पाहिजे, आणि तुम्ही न विचारता मुलांजवळ थांबलं पाहिजे. त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि पहिला नाताळ या तारखा आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा. कॅथलिक घर असेल तर २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवसही. त्या दिवशी कबरीवर फुलं घेऊन जाताना सोबत लागते.

प्रश्न : माझा सर्वांत जवळचा मित्र हिंदू आहे. आमच्या तरुण संघात एकजण विश्वास न ठेवणाऱ्यांशी ‘विजोड होऊन जडू नका’ हे वचन दाखवून अंतर ठेव म्हणतो.
कॉलेज विद्यार्थी, कळवा

उत्तर : ते वचन २ करिंथ ६:१४ मधलं आहे आणि तिथला विषय उपासनेची सरमिसळ हा आहे. त्याच करिंथकरांना पौलानं आधीच्या पत्रात लिहिलंय, की विश्वास न ठेवणाऱ्यानं जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर जा (१ करिंथ १०:२७). मराठी ख्रिस्ती माणसाला तर घरचंच उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या नगरच्या घरी बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. ठोमरे हिंदूच राहिले, टिळक आपल्या ख्रिस्तभक्तीपासून तसूभर ढळले नाहीत, आणि माया आटली नाही.

मित्राला तुझा विश्वास दिसू दे, लपवू नकोस. गणपतीला त्याच्या घरी जाशील तेव्हा तू कशात सहभागी होतोस आणि कशात नाही हे आधीच प्रेमानं सांगून ठेव, म्हणजे त्याच्या आईला आरतीच्या वेळी अवघडल्यासारखं होणार नाही. त्याला ख्रिस्ती करायचं म्हणून मैत्री करू नकोस, तसं असेल तर त्याला ते कळतंच. मात्र तुझ्याबरोबर प्रार्थना करील आणि वचनावरून तुला टोकेल असा एखादा मित्र विश्वासातलाही हवा. ते काम या मित्राकडून मागणं त्याच्यावर अन्याय होईल.

प्रश्न : मंडळीच्या कमिटीच्या निवडणुकीवरून माझं आणि माझ्या वीस वर्षांच्या मित्राचं बिनसलं. तीन वर्षं झाली. प्रभुभोजनाला एकाच रांगेत उभे राहतो, बोलत नाही. पुढाकार मी घ्यावा का? चूक त्याची जास्त होती.
कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : हो, तुम्हीच घ्या. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढं ठेवून जायला सांगितलंय ते ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे’ हे आठवलेल्या माणसाला. चूक कोणाची किती, हे तिथं मोजलेलं नाही. पौल आणि बर्णबा यांचाही मार्काला बरोबर नेण्यावरून एवढा वाद झाला, की ते वेगळ्या वाटांनी गेले (प्रेषितांची कृत्ये १५:३९). पुढं तुरुंगातून लिहिताना त्याच मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असं पौल तीमथ्याला कळवतो. मधे बरीच वर्षं गेली होती. तेव्हा तीन वर्षांनी उशीर झाला असं समजू नका.

सुरुवात लहान मेसेजनं करा : ‘तीन वर्षं आपण बोललो नाही, मला ते सोसत नाही. शनिवारी सकाळी तलावपाळीला अर्धा तास चालू या का?’ निवडणुकीचा उल्लेख नको. भेटल्यावर फक्त तुमच्या बाजूचं सांगा, आणि नेमकं सांगा. ‘काही चुकलं असेल तर माफ कर’ ही माफी नव्हे. ‘त्या सभेत सगळ्यांसमोर मी तुझ्या प्रामाणिकपणावर बोट ठेवलं, ते चूक होतं’ ही माफी. वाक्यात ‘पण’ आला की तिथंच थांबा. त्यानं लगेच त्याची चूक कबूल केली नाही तर ती त्याच्याकडून काढून घेऊ नका. मतांचा हिशेब निघालाच तर ‘ते आपण कधीतरी निवांत बोलू’ म्हणून मुलांची चौकशी करा. अर्ध्या तासानं निघा. पहिल्याच भेटीत जुना जिव्हाळा परत आणायला बघितलं तर दोघंही थकतात.

उत्तर आलंच नाही तर मागोमाग मेसेज पाठवू नका. मधे कोणाला तरी घालून निरोपही पाठवू नका, कारण निरोप पोचेपर्यंत बदलतो. तीन महिने थांबा आणि पुन्हा एकदा साधं विचारा. दरम्यान रविवारी समोर आला तर ‘जय ख्रिस्त’ म्हणत राहा, तो म्हणो न म्हणो. त्याच्या घरात आजारपण किंवा मयत झाली, तर मात्र महिने मोजू नका. त्याच दिवशी जा.